मूल हरवलं, शहराचा फोन वाजू द्या

निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात मळ्यात बिबट्या दिसला, तर रात्री अकरालासुद्धा गावातल्या घराघरांतले फोन एकदम वाजू शकतात. नाशिक शहरात पाच वर्षांचं मूल हरवलं, तर शेजारच्या गल्लीतलाही फोन वाजत नाही. खेड्याला जे जमलं ते महापालिकेच्या शहराला का जमू नये, एवढाच आजचा सवाल. आणि उत्तर लवकर हवंय, कारण २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा दारात उभा आहे.

आधी खेड्याचं बघू. डी. के. गोर्डे यांनी उभी केलेली ग्रामसुरक्षा यंत्रणा नाशिक, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांना पाठ आहे. गावकऱ्यांचे मोबाईल नंबर आधी नोंदवून ठेवायचे. चोरी, आग, पूर, अपघात, बिबट्या, हरवलेलं मूल, काहीही घडलं की नोंदलेल्या फोनवरून १८०० २७० ३६०० हा टोल फ्री नंबर लावायचा आणि बोलायचं. बोलणाऱ्याचाच आवाज कॉल होऊन गावभर जातो. त्याला स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही, वाचताही यावं लागत नाही. आजीच्या बटणाच्या फोनवरही तो पोचतो. अर्धवट किंवा नियमात न बसणारे संदेश यंत्रणा पुढे सोडत नाही, त्यामुळे फोन वाजला की गाव तो उचलतं.

याचा उपयोग कसा होतो, ते डोळ्यांपुढे आणून बघा. द्राक्षाचा हंगाम आहे. पेठ-सुरगाण्याहून आलेलं मजूर कुटुंब खुड्याला बागेत उतरलंय. तीन वर्षांचं पोर बांधावर खेळता खेळता दिसेनासं होतं. आईबापाला गावात कोणी ओळखत नाही, पोराला तर नाहीच. बागवाला फोन लावतो: "अमुक मळ्यातून बोलतोय, तीन वर्षांचा मुलगा, अंगात निळा सदरा, पायात चप्पल नाही, अर्ध्या तासापासून दिसत नाही." पुढच्या मिनिटाला ट्रॅक्टरवरचा माणूस थांबतो, डेअरीवरचा बाहेर येतो. एक जण पाटाकडे पळतो, दुसरा विहिरीकडे, तिसरा डांबरी रस्त्याकडे. पाट, विहीर आणि रस्ता, लहान पोराच्या जिवाला धोका तिथेच असतो. पोलिसांची गाडी तालुक्याहून निघेपर्यंत गावाच्या तिन्ही जागा बघून झालेल्या असतात.

आता शहरात या.

निमाणी बसस्थानकावर बाईच्या हातातला पोराचा हात सुटतो. ती दहा मिनिटं स्वतः शोधते, वीस मिनिटं रिक्षावाल्यांना विचारते, मग पोलीस ठाणं गाठते. तिथे नाव, पत्ता, वर्णन, आणि फोटो आहे का, हा प्रश्न. फोटो नवऱ्याच्या फोनमध्ये, नवरा अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्टला. त्यात एखादा अंमलदार हद्दीचा प्रश्न काढतो. एवढ्यात तास सरतो. त्या तासात सीबीएस बसस्थानकावरून मुंबईकडे निघालेली बस घोटीच्या आसपास असते. नाशिकरोडला चुकून गाडीत चढलेलं मूल मनमाडच्या जवळ असतं, आणि मनमाडला देशाच्या चारही दिशांच्या गाड्या थांबतात. या तासाभरात निमाणीच्या चौकातून हजारो माणसं गेली, त्यांतल्या दोघाचौघांनी ते रडणारं पोर पाहिलंही असेल. पाहिलं, पण कोणाला सांगायचं हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते कोणाला हवंय हेही माहीत नव्हतं.

शहरात माहिती असते. ती ज्याच्याकडे आहे त्याला तिची किंमत कळत नाही, ज्याला हवी त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. ही दरी भरून काढायला अलर्ट हवा.

कायदा काय म्हणतो? तो पालकांच्या बाजूने स्वच्छ उभा आहे. 'बचपन बचाओ आंदोलन'च्या याचिकेवर १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हरवलेल्या मुलाची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणून नोंदवायची, आणि मूल पळवलं गेलंय किंवा तस्करीत अडकलंय असं गृहीत धरूनच तपास सुरू करायचा. हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ चा, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १३७(२) चा. चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे जातो. "चोवीस तास वाट बघा, येईल घरी" असं सांगणारा नियम कुठेही लिहिलेला नाही. हद्दीचं कारणही चालत नाही. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवता येतो. पालकांनो, हे पाठ करून ठेवा आणि ठाण्यात आवाज न चढवता पण ठामपणे सांगा.

पण गुन्हा नोंदवला म्हणजे शहराला कळलं, असं होत नाही. एफआयआर ठाण्याच्या संगणकात असतो, मूल रस्त्यावर असतं.

तंत्र नाही म्हणावं, तर तेही आहे. जुलै २०२३ मध्ये एका सकाळी महाराष्ट्रभर मोबाईल एकाच वेळी कर्कश वाजले, पडद्यावर सरकारी चाचणीचा संदेश झळकला, लोक दचकले, आठवतंय? ते सेल ब्रॉडकास्ट. दूरसंचार विभागाने आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मिळून घेतलेली चाचणी. यात कोणाचा नंबर लागत नाही. ठरावीक टॉवरच्या टप्प्यात जितके चालू फोन असतील, त्या सगळ्यांवर संदेश एकदम उतरतो. गर्दीने नेटवर्क कोंडलं तरी तो अडकत नाही, कारण तो एकेकाला जात नाही, टॉवरवरून सगळ्यांना एकदाच सोडला जातो. मराठीतही पाठवता येतो. पूर, वीज, वादळ यांच्यासाठी देशाने हे उभं केलं, चांगलं केलं. मात्र हरवलेल्या मुलाचा असा अलर्ट माझ्या फोनवर आजवर एकदाही आलेला नाही. तुमच्या आलाय?

जगात हे नवं नाही. १३ जानेवारी १९९६ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात सायकल चालवत असलेल्या नऊ वर्षांच्या अंबर हेगरमनला एका माणसाने ट्रकमध्ये घालून नेलं. एका शेजाऱ्याने ते पाहिलं, पोलिसांना कळवलंही. चार दिवसांनी तिचा मृतदेह सापडला. त्यानंतर तिथल्या एका बाईने रेडिओ केंद्राला विचारलं, की वादळाचा इशारा तुम्ही कार्यक्रम थांबवून देता, मग पळवलेल्या मुलाचा का देत नाही? त्या प्रश्नातून अंबर अलर्ट उभा राहिला. आधी रेडिओवर, मग टीव्हीवर, हमरस्त्यावरच्या फलकांवर, आणि २०१३ पासून थेट मोबाईलवर. या अलर्टने आजवर हजाराहून जास्त मुलं परत मिळाली आहेत. तो सरसकट काढत नाहीत, हे त्याचं बळ. मूल पळवलं गेल्याची पोलिसांची खात्री, जिवाला धोका आणि लोकांना ओळखता येईल एवढी माहिती, हे सगळं असेल तरच तो वाजतो. म्हणून वाजला की लोक बघतात.

इथे माझे काही मित्र म्हणतील, कशाला हवी ही कटकट? व्हॉट्सअॅप आहे ना! आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज एक तरी हरवलेल्या मुलाचा फोटो येतो.

येतो, आणि धोका तिथेच आहे. तो फोटो नीट बघा. तारीख नाही. गाव नाही. खाली एक मोबाईल नंबर, तो बंद. कोणी पाठवला ते माहीत नाही. मूल कदाचित तीन वर्षांपूर्वीच घरी पोचलेलं असतं, आता शाळेत जात असतं, आणि त्याचा रडवेला चेहरा अजून ग्रुपाग्रुपांतून फिरत असतो. असे दहा फोटो पुढे ढकलले की आपण माणुसकी निभावली असं वाटतं. अकरावा फोटो खरा असतो. त्याकडे कोणी बघत नाही.

आणि हे निव्वळ निष्फळ असतं तरी चाललं असतं. १ जुलै २०१८ आठवा. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा मेसेजनी मोबाईल भरून गेले होते. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने संशयावरून धरलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत मरेस्तोवर मारलं. त्याच दिवशी आपल्या मालेगावात भिक्षा मागणाऱ्या एका कुटुंबावर असाच जमाव धावून गेला. त्यांच्यासोबत लहान मूल होतं. पोलिसांनी स्वतः मार खाण्याची तयारी ठेवून त्यांना वाचवलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली.

राईनपाड्याच्या बाजारात त्या दिवशी कोणाचंही मूल हरवलेलं नव्हतं. अलर्ट मात्र प्रत्येकाच्या खिशात होता, खोटा. खात्रीची सरकारी सूचना नसते, तेव्हा तिची जागा अफवा घेते. लोक मुलांच्या काळजीपोटीच जमतात. त्या काळजीला खरी वाट दिली नाही, तर ती कोणाचा तरी जीव घेते. अलर्ट नको म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन, की अलर्ट आपल्याकडे आजही निघतोय. फक्त तो कोण काढतो हे कोणालाच ठाऊक नाही.

संशय म्हणजे माहिती नव्हे, हा धडा सरकारी यंत्रणेलाही घ्यावा लागला आहे. ३० मे २०२३ ला दानापूर-पुणे गाडीतून बिहारची ५९ मुलं भुसावळ आणि मनमाड स्थानकांवर उतरवण्यात आली. तस्करीचा गुन्हा दाखल झाला, सोबतच्या पाच जणांना अटक झाली. मुलं सांगलीकडच्या मदरशांत शिकायला निघाली होती. त्या पाच जणांनी सुमारे चार आठवडे तुरुंगात काढले, मुलांनी बारा दिवस बालगृहात. मार्च २०२४ मध्ये गैरसमजातून गुन्हा नोंदला गेल्याचं मान्य होऊन प्रकरण बंद झालं. रेल्वे पोलिसांनी एकट्या-दुकट्या मुलांकडे लक्ष ठेवायलाच हवं, फलाटांवरून त्यांनी असंख्य मुलं वाचवली आहेत. पण आधी विचारपूस, मग बोभाटा, हा क्रम सुटला की चांगल्या हेतूनेही मुलांचेच हाल होतात.

प्रसिद्धीची दुसरी बाजूही झाकून ठेवायला नको. मुंबईत अंधेरीतून २२ जानेवारी २०१३ ला सात वर्षांची एक मुलगी शाळेच्या वाटेवरून नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्या यादीत हरवलेल्या मुली होत्या १६६. त्यांतल्या १६५ मिळाल्या, ही तेवढी राहिली. भोसले निवृत्त झाले तरी तिचा फोटो जवळ बाळगून शोधत राहिले. ४ ऑगस्ट २०२२ ला ती सापडली, घरापासून जेमतेम पाचशे मीटरवर. तिला नेणाऱ्याने पोस्टर आणि बातम्यांचा गवगवा झाल्यावर घाबरून तिला रायचूरच्या वसतिगृहात ठेवलं होतं, असं तपासात पुढे आलं. म्हणजे गाजावाजा उलटूही शकतो, म्हणून अलर्ट कधी काढायचा हे जाणत्या अधिकाऱ्यानेच ठरवायला हवं.

पण पुढचंही ऐका. ती सापडली कशी? ती जिथे कामाला होती, तिथल्या कामवाल्या बाईने तिची हकीकत ऐकून इंटरनेटवर शोध घेतला आणि २०१३ चं पोस्टर निघालं. पोस्टरवर पाच फोन नंबर होते. नऊ वर्षांत चार बंद पडले होते. पाचवा शेजाऱ्याचा होता, तो लागला. नऊ वर्षांचा वनवास एका चालू नंबरावर संपला. तो पाचवाही बंद असता तर? कुटुंबांचे नंबर बदलतात, माणसं घर बदलतात. म्हणून हरवलेल्या मुलाच्या सूचनेवर नंबर हवा तो सरकारचा, कायम लागणारा. ११२ आहे, मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहे. तेच छापा.

आता नेमकं काय करायचं, ते मांडतो. नाशिक पोलीस आयुक्तालय, ग्रामीण पोलीस आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालचं जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण यांनी एकत्र बसून लेखी नियम करावेत.

पहिला नियम, कोणासाठी. बारा वर्षांखालचं मूल, किंवा कितीही वयाचं पण स्वतःचं नाव-पत्ता सांगू न शकणारं मूल. त्याहून मोठ्यांसाठी पळवल्याचा पुरावा हवा. घरात भांडून किंवा निकालाच्या धास्तीने निघून गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीचा फोटो गावभर झळकवणं म्हणजे तिची परतीची वाट बंद करणं. तिच्यासाठी शांतपणे शोध घेणारे पोलीस हवेत.

दुसरा नियम, किती वेळात. तक्रार आल्यापासून अर्ध्या तासात नियंत्रण कक्षातल्या नेमलेल्या अधिकाऱ्याने हो की नाही ठरवायचं आणि ठरवल्याची वेळ नोंदवायची. नाही म्हटलं तर कारण लिहायचं.

तिसरा नियम, कुठवर. आधी हरवल्या जागेभोवतीचे दोन-तीन किलोमीटर. तासाभराने घोटी, सिन्नर, ओझर, चांदवडपर्यंतचे रस्ते आणि नाशिकरोड ते मनमाड-इगतपुरीची स्थानकं. सातपूरच्या मुलासाठी येवल्याला उठवायचं नाही. फोन उगीच वाजला की लोक तो बंद करून टाकतात.

चौथा नियम, काय लिहायचं. वय, उंची, कपडे, बोलतो ती भाषा, शेवटचं कुठे आणि कधी दिसलं. आडनाव नको, जात-धर्म नको, घराचा पत्ता नको. मुलांची ओळख उघड करण्यावर बालन्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंधन घातलं आहे, म्हणून फोटो पोलिसांच्याच पानावर, त्यांनाच काढता येईल असा. आणि शेवटी ठळक अक्षरांत: दिसल्यास ११२ ला कळवा, कोणालाही अडवू नका, हात उगारू नका. संशयिताचं वर्णन पोलिसांनी पडताळल्याशिवाय एक शब्दही नको.

पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच पहिल्यांदा विसरला जाईल. मूल सापडलं की त्याच टॉवरवरून दुसरा संदेश: "सापडलं." फोटो त्याच क्षणी काढायचा. ज्यांनी गल्लीबोळात डोकावून पाहिलं त्यांना ते कळायला हवं. तरच पुढच्या वेळी ते पुन्हा डोकावतील.

या सगळ्यासाठी उड्डाणपुलाइतका पैसा लागत नाही. लागते ती सही.

आणि सही आत्ताच का, याचं उत्तर रामकुंडावर आहे. २ ऑगस्ट २०२७ ला पहिलं अमृतस्नान, ३१ ऑगस्टला दुसरं, ११ सप्टेंबरला नाशिकचं तिसरं आणि १२ ला त्र्यंबकेश्वरचं. २७ ऑगस्ट २००३ च्या स्नानाला याच पंचवटीच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. गर्दीत हरवणं आणि गर्दीत चिरडणं यांत अंतर थोडं असतं. मूल दिसेनासं झालं की आई उलटी फिरते, लोंढ्याच्या विरुद्ध, आणि तिथेच रेटारेटी सुरू होते. तेव्हा हरवलेल्यांची सोय ही दयेची बाब नाही, ती गर्दी सांभाळण्याची बाब आहे. प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ मध्ये भुले-भटके शिबिर सुरू केलं आणि आयुष्यभर भोंग्यावरून लोकांची माणसं लोकांना परत दिली. भोंगा आजही हवाच. पण तेलंगणातून आलेल्या चार वर्षांच्या पोराचं वर्णन मराठी भोंग्यावरून ऐकून त्याच्या आईला काय कळणार? तिच्या फोनवर तेलुगूत संदेश उतरला तर कळेल. २०१५ च्या सिंहस्थाआधी मूळचे नाशिककर रमेश रासकर आणि एमआयटीच्या मंडळींनी कुंभथॉन भरवलं, तेव्हा शाळा-कॉलेजच्या पोरांनी गर्दी मोजण्याची साधनं इथेच तयार केली. हुशारी शहरात आहे, तिला काम द्या.

आपल्यालाही काम आहे. मुलाचा गेल्या महिन्यातला एक पूर्ण उभा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि तो आई-बाप दोघांच्याही फोनमध्ये असू द्या. गर्दीला जाताना मुलाच्या मनगटावर किंवा सदऱ्याच्या आतल्या बाजूला नंबर लिहा. चार वर्षांच्या पोराला "आई" एवढंच नाव माहीत असतं, त्याला तुमचं खरं नाव आणि गाव शिकवा. एकटं रडणारं मूल दिसलं तर त्याला उचलून दुसरीकडे नेऊ नका, जागीच थांबा, ११२ लावा. आणि तारीख, ठिकाण, पोलीस ठाण्याचं नाव नसलेला फोटो आला तर तो तुमच्यापाशीच थांबवा.

बाकीचं काम प्रशासनाचं. घाटांवर कोट्यवधी रुपये खर्च होतील, रस्ते रुंद होतील, कॅमेरे लागतील. जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्तांना एकच मागणी आहे. पहिल्या अमृतस्नानाच्या किमान सहा महिने आधी पंचवटीतल्या प्रत्येक फोनवर हरवलेल्या मुलाच्या अलर्टची चाचणी घ्या. किती मिनिटांत गेला, किती लोकांपर्यंत पोचला, "सापडलं" हा दुसरा संदेश गेला का, हे आकडे जाहीर करा. चाचणी फसली तर फसली म्हणून सांगा, दुरुस्त करा आणि पुन्हा घ्या. नाशिककर एखाद्या सकाळी दचकायला आनंदाने तयार आहेत.